कोपऱ्यातले तारे लांबट का येतात?

खगोल छायाचित्रकाराला दुसऱ्याचा फोटो दाखवून बघा. तेजोमेघाचे रंग, धुळीचे पट्टे यांच्याकडे तो नंतर वळतो. आधी फोटो मोठा करून चारही कोपरे तपासतो. ही खोड मलाही आहे. गेल्या हिवाळ्यात उज्जैनच्या गच्चीवरून ८० मिलिमीटरच्या एफ-६ दुर्बिणीनं मृगातल्या तेजोमेघाचे तीन-तीन मिनिटांचे फोटो काढले. मधले तारे टाचणीच्या टोकासारखे गोल, वरचा उजवा कोपरा ठीक, आणि खालच्या डाव्या कोपऱ्यातला एकूण एक तारा तांदळाच्या दाण्यासारखा लांबट.

अशा वेळी पहिलं निदान ठरलेलं असतं: कॅमेऱ्याचा सेन्सर तिरका बसलाय, ‘टिल्ट’ आहे. पुष्कळदा ते बरोबरही निघतं. पण तांदळाचा तोच दाणा इतर कारणांनीही तयार होतो. फोकसर वजनानं झुकलेला असतो, भिंगं किंवा आरसे एका अक्षावर नसतात, फ्लॅटनर (कडेपर्यंतचा फोकस सपाट करणारं भिंग) आणि सेन्सर यांतलं अंतर चुकलेलं असतं, माउंट नीट चालत नाही, कधी नुसती हवाच कारण असते. कारण चुकीचं धरून स्क्रू पिळला तर मूळचा दोष राहतो आणि वर आपला एक पडतो. मोठे सेन्सर आणि वेगवान दुर्बिणी हौशी लोकांच्या हाती आल्यापासून या निदानावर बराच खल झालाय. तो कुठवर आलाय ते इथे पाहू.

प्रतल सरकण्याची जुनी तक्रार

उज्जैनमध्ये बसून या विषयावर लिहिताना जयसिंगपुऱ्यातली वेधशाळा टाळता येत नाही. सवाई जयसिंगानं अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात ती उभारली. ‘झीज-ए-मुहम्मदशाही’ या त्याच्या सारणीग्रंथाच्या प्रस्तावनेत पितळी यंत्रं का सोडली याची कारणं आहेत: आकार लहान, त्यामुळे अंशाचे कलांमध्ये, म्हणजे साठाव्या हिश्शांत, भाग पाडता येत नाहीत. अक्ष झिजतात आणि डळमळतात. वर्तुळाचा मध्य हलतो, यंत्राचं प्रतल सरकतं. आजच्या कॅमेऱ्याच्या तक्रारी याच यादीत बसतात. प्रतल सरकतं म्हणजे टिल्ट, अक्ष डळमळतो म्हणजे सैल फोकसर, मध्य हलतो म्हणजे बिघडलेलं कॉलिमेशन, भिंगा-आरशांची अक्षजुळणी. जयसिंगाचा उपाय होता दगड आणि चुना. यंत्र इतकं मोठं आणि जड करायचं की ते हलूच नये.

पुढे ही वेधशाळा मोडकळीला आली. १९२३ मध्ये माधवराव शिंद्यांनी तिचा जीर्णोद्धार केला. तिचे अधीक्षक गोविंद सदाशिव आपटे यांच्या देखरेखीखाली १९३७ मध्ये शंकुयंत्र झालं. इथल्या सम्राटयंत्राची, म्हणजे दगडी सूर्यघड्याळाची, मधली तिरपी भिंत पृथ्वीच्या अक्षाला समांतर आहे, म्हणजे क्षितिजाशी उज्जैनच्या अक्षांशाइतका, सुमारे २३ अंशांचा कोन करते. तिच्या सावलीजवळ उभं राहून बघितलं की एक गोष्ट लगेच लक्षात येते: सावलीची कड धारदार नसते. सूर्यबिंब अर्ध्या अंशाचं, म्हणजे वेळेच्या भाषेत दोन मिनिटांचं, आणि तेवढी कड पुसट होते. यंत्र कितीही भक्कम केलं तरी प्रकाशाच्या स्रोताचा धूसरपणा उरतोच. शिवाय इथली वेळ भारतीय प्रमाणवेळेच्या सुमारे २७ मिनिटं मागे असते. वर ऋतूप्रमाणे कालसमीकरणाची काही मिनिटं कमी-जास्त होतात. त्यासाठी भिंत कुणी हलवत नाही, फरक मोजून वजा करतात.

हा ‘मोजून वजा करण्याचा’ मार्ग छायाचित्रणातही लवकर आला. १८८७ मध्ये पॅरिसच्या परिषदेत सगळ्या आकाशाचे फोटो काचेच्या पट्ट्यांवर घेण्याचं ठरलं. आपला मराठवाडा ज्या संस्थानात होता त्याच हैदराबाद संस्थानातल्या निजामिया वेधशाळेनं पुढे त्यातला उणे १७ ते उणे २३ अंशांचा पट्टा उचलला. ताऱ्यांची स्थानं काढताना पट्टी दुर्बिणीच्या अक्षाला अगदी काटकोनात नाही हे गृहीत धरत आणि गणितात टिल्टसाठी वेगळी पदं ठेवत. स्थानांसाठी हे पुरेसं होतं. पण लांबट झालेला तारा कागदावरच्या पदांनी गोल होत नाही.

तिसरा धडा हबल दुर्बिणीचा. १९९० मध्ये ती वर गेली आणि मुख्य आरशाची कड सुमारे दोन मायक्रॉननं चपटी घासली गेल्याचं कळलं. दोष कुठला आणि किती, हे फुगीर ताऱ्यांच्या आकारांवरूनही काढलं गेलं. डिसेंबर १९९३ मध्ये अंतराळवीरांनी सुधारक प्रकाशयंत्रणा बसवली. तोवर तीन वर्षं शास्त्रज्ञ गणितानं चित्रं धारदार करून काम चालवत होते, आणि त्यासाठी रिचर्डसननं १९७२ मध्ये व लूसीनं १९७४ मध्ये मांडलेली रीत हाताशी होती. यंत्र दुरुस्त करायचं की चित्र, हा आजचा वाद तेव्हाच सुरू झाला होता.

कला आणि मायक्रॉन

सेन्सर किती तिरका चालेल, याचं उत्तर दुर्बिणीच्या एफ-गुणोत्तरावर आहे. फोकस पुढे-मागे झाला तरी चित्र बिघडत नाही अशी एक जाडी असते. नेहमीच्या सूत्रानं हिरव्या प्रकाशात ती एफ-७ ला सुमारे १३० मायक्रॉन, एफ-५ ला ६७ आणि एफ-२ ला जेमतेम ११ मायक्रॉन येते. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. म्हणजे एफ-५ ला सेन्सरचे समोरासमोरचे कोपरे एका केसाच्या जाडीत बसले पाहिजेत.

फुल-फ्रेम सेन्सरचा कर्ण ४३ मिलिमीटर. त्यावर एफ-५ ला सुमारे साडेपाच कलांचा कल चालतो. एफ-२ ला मात्र एका कलेहूनही कमी, म्हणजे जयसिंगाला पितळेवर कोरता येत नव्हता त्या भागाहून बारीक. उलट ११ मिलिमीटर बाजूच्या चौरस सेन्सरला एफ-५ ला चौदा कलांपर्यंत सूट मिळते. ‘माझ्या जुन्या कॅमेऱ्याला टिल्ट नव्हता’ असं कुणी म्हणालं की मी आधी सेन्सरचा आकार विचारतो. टिल्ट बहुधा असतो, दिसत नसतो.

दुरुस्तीचं माप दुसऱ्या टोकाचं आहे. तीन मिलिमीटरच्या साध्या स्क्रूचा एक फेरा म्हणजे अर्धा मिलिमीटर. आठवा हिस्सा फिरवला तरी ६० मायक्रॉनवर जातो. मनगट जरा जास्त वळलं की केसाची जाडी पार. म्हणून काही जण स्क्रूला हात न लावता स्वयंपाकघरातल्या अॅल्युमिनियम फॉइलची चकती कापून एका बाजूला सरकवतात.

या सूत्रावरही एकमत नाही. ते वातावरणाची थरथर मोजतच नाही, असा एक आक्षेप आहे. हवा तारा तीन विकलांपर्यंत (विकला म्हणजे कलेचा साठावा भाग) फुगवत असेल तर काही मायक्रॉनांचा हिशेब त्यातच बुडून जातो, आणि सूट सूत्रात दिसते त्याहून मोठी असते. दुसरी बाजू म्हणते, मध्य आणि कोपरा एकाच हवेतून आलेले असतात. दोन्ही सारखेच फुगले तरी त्यांतला फरक डोळ्याला टोचतो. मला दुसरं म्हणणं जास्त पटतं. एकसारखा मऊ फोटो डोळा खपवून घेतो, एका कोपऱ्याचं वेगळेपण खपवून घेत नाही.

आधी काय वगळायचं

सगळे पक्ष ज्यावर सहमत आहेत असा भाग हा: टिल्ट शोधण्याआधी माउंटला वगळा. त्याच जागेचा पाच सेकंदांचा फोटो घ्या. तारे गोल झाले तर दोष मागोवा घेण्यात आहे. मध्यासकट सगळीकडचे तारे एकाच दिशेनं ओढलेले असतील, तर सेन्सरकडे बघण्याचं कारण नाही.

फसवणूक होते ती ध्रुवाकडे रोख चुकल्यामुळे. अशा वेळी गायडिंगचा तारा, म्हणजे ज्यावर नजर ठेवून माउंट आपली चाल सुधारतं तो, जागेवर राहतो आणि बाकीचं क्षेत्र त्याच्याभोवती हळूहळू फिरतं. गायडिंगचा तारा फोटोच्या उजव्या वरच्या बाजूला असेल, तर सगळ्यात लांबट तारे खालच्या डाव्या कोपऱ्यात येतात. वरवर पाहता हुबेहूब टिल्ट. उज्जैनमध्ये ही शक्यता जास्त, कारण ध्रुवतारा क्षितिजापासून जेमतेम २३ अंशांवर, शहराच्या धुरकट उजेडात असतो. इतक्या कमी अक्षांशावर जर्मन पद्धतीच्या काही माउंटचा वजनाचा दांडा तिवईच्या पायाला अडतो, म्हणून लोक तिवई थोडी वळवतात आणि तिथंच रोख ढळतो. पुरातत्त्वज्ञ वाकणकरांनी ज्या डोंगल्याकडे लक्ष वेधलं, त्या कर्कवृत्तावरच्या गावाकडे गेलं तर उजेड कमी होतो. ध्रुव मात्र पाव अंशानंच वर येतो.

हवेचंही बघावं लागतं. नरतुरंगातला ओमेगा सेंटॉरी इथून फार तर १९ अंशांवर चढतो. त्या उंचीवर हवा ताऱ्याचा छोटा वर्णपट करते, निळी कड वर आणि लाल खाली. हा लांबटपणा सगळ्या फोटोभर आणि क्षितिजाला काटकोनात असतो, म्हणून ओळखू येतो.

नंतर आकार वाचायचा. चारही कोपरे सारखेच बिघडले आणि मध्य चांगला असेल, तर बहुधा फ्लॅटनरपासूनचं अंतर चुकलंय. हे अंतर बऱ्याच फ्लॅटनरना ५५ मिलिमीटर लागतं. मध्ये फिल्टर आला की काचेच्या जाडीच्या तिसऱ्या हिश्श्याइतकं ते वाढवावं लागतं, आणि हा एक मिलिमीटर हटकून विसरला जातो. तारे मध्याकडे रोखलेले दिसले तर सेन्सर फार जवळ आणि मध्याभोवती फेर धरलेले दिसले तर फार लांब, असा ठोकताळा सर्वत्र सांगितला जातो. तो फ्लॅटनरच्या रचनेवर अवलंबून आहे आणि काही सुधारकांना उलटा लागतो, असं अनुभवी लोक बजावतात. ठोकताळा म्हणून वापरावा, पण दोन्ही दिशांना अर्धा-अर्धा मिलिमीटर बदलून खात्री करावी हे बरं. न्यूटनीय दुर्बिणीत शेपट्या बाहेर रोखलेल्या, पण त्यांचं केंद्र फोटोच्या मध्यावर नसेल, तर संशय कॉलिमेशनवर.

खऱ्या टिल्टची खूण अशी की फोकस थोडा हलवला की चांगला कोपरा बदलतो. आत नेला तर एक कोपरा सुधारतो, बाहेर नेला तर समोरचा.

निदानाचे तीन रस्ते

पहिला रस्ता फिरवून बघण्याचा. कॅमेरा १८० अंशांत फिरवा आणि पुन्हा फोटो घ्या. वाईट कोपरा फोटोत त्याच जागी राहिला, तर दोष कॅमेऱ्याबरोबर फिरला, म्हणजे सांध्याच्या मागे आहे. समोरच्या कोपऱ्यात गेला, तर दोष दुर्बिणीकडचा. याला सॉफ्टवेअर लागत नाही. पण एक आक्षेप रास्त आहे: सांधा सैल करून पुन्हा आवळताना कॅमेरा पहिल्यासारखाच बसेल याची खात्री नाही. शिवाय ‘सांध्याच्या मागे’ म्हणजे एकटा सेन्सर नव्हे. अॅडॅप्टर, फिल्टरचा खण, सगळंच त्यात आलं. याचंच भावंड म्हणजे मध्यान्हवृत्त ओलांडतानाची उलटापालट. दुर्बीण खांबाच्या एका बाजूची दुसरीकडे गेली आणि वाईट कोपराही बदलला, तर गुरुत्वाकर्षण फोकसर झुकवतंय.

दुसरा रस्ता मोजण्याचा, आणि आज वर्दळ याच रस्त्यावर आहे. अॅस्टॅप, सीसीडी-इन्स्पेक्टर यांसारखे प्रोग्रॅम एका फोटोतल्या शेकडो ताऱ्यांची रुंदी मोजून कलाचा नकाशा आणि टक्केवारी देतात. सोय मोठी, पण एका फोटोतून कल आणि क्षेत्राची वक्रता यांची फोड नीट होत नाही, आणि फोकस किंचित चुकला तर आकडा बदलतो. निना या प्रोग्रॅमच्या हॉकस-फोकस जोडणीनं यावर उपाय काढला. फोकसर पायरी-पायरीनं हलवत फोटोंची मालिका घ्यायची आणि प्रत्येक कोपऱ्याचा उत्तम फोकस कुठे येतो ते स्वतंत्र काढायचं. चारही कोपऱ्यांचा एकच आला आणि मध्याचा वेगळा, तर वक्रता. कोपऱ्या-कोपऱ्यांत फरक पडला, तर कल, आणि तोही थेट मायक्रॉनमध्ये. माझ्या मते या क्षेत्रातली गेल्या काही वर्षांतली सगळ्यात उपयोगी भर हीच. तिची अट म्हणजे ताऱ्यांनी भरलेलं क्षेत्र आणि बऱ्यापैकी स्थिर हवा. तेजोमेघाच्या गाठींना प्रोग्रॅम तारे समजला तर मालिका वाया जाते.

तिसरा रस्ता टेबलावरचा. कॅमेरा फिरत्या बैठकीत बसवायचा, सेन्सरवर लेझर सोडायचा, परावर्तित ठिपका भिंतीवर बघायचा. कॅमेरा फिरवताना ठिपका स्थिर राहिला तर सेन्सर सरळ. वर्तुळ काढू लागला तर तिरका. परावर्तनात कोन दुप्पट होतो, म्हणून तीन मीटरवर एका कलेच्या कलाचं वर्तुळ साडेतीन मिलिमीटर व्यासाचं येतं. संरक्षक काचेचा ठिपका वेगळा पडतो, त्याला सेन्सरचा समजायचं नाही. ढगांच्या दिवसांत करायला छान काम. या रीतीचे टीकाकार म्हणतात की तुम्ही एकटा कॅमेरा सरळ केलात, दुर्बिणीवर चढल्यावर तो सरळ राहीलच असं नाही, म्हणून सगळी साखळी आकाशावरच तपासावी. समर्थकांचं उत्तर: निदान एक कडी तरी संशयातून सुटली.

दुरुस्त करायचं काय?

इथे मतं सरळ फुटतात. यंत्रवाद्यांचा आग्रह असा की न नोंदलेला प्रकाश परत मिळत नाही, म्हणून कल काढायचाच. व्यवहारवादी कोपरे कापतात किंवा लहान सेन्सर वापरतात. वांगणी-नेरळकडे किंवा पुण्याबाहेर एका रात्रीसाठी गाडीत सामान घालून जाणाऱ्यांना हे मत जवळचं वाटतं, कारण दर वेळी सगळं सुटं करून जोडायचं असतं आणि महिनाभर जुळवलेला कल एका खड्ड्यात जातो.

२०२२ च्या अखेरीला रसेल क्रोमन यांचं ब्लर-एक्स-टर्मिनेटर आलं आणि सॉफ्टवेअरनं चित्रच सुधारणारा तिसरा पक्ष एकदम मोठा झाला. न्यूरल नेटवर्कवर चालणारं हे साधन फोटोच्या वेगवेगळ्या भागांतला ताऱ्यांचा दोष ओळखून तो उलट करतं. नुसते आकार सुधारून थांबण्याचीही सोय त्यात आहे. माफक टिल्ट त्यात दिसेनासा होतो. शिस्त सुटेल, चूक कळण्याआधीच पुसली जाईल, अशी विरोधकांना भीती आहे. समर्थक हबलची ती तीन वर्षं दाखवतात. उदाहरण चपखल आहे, पण दोन्ही बाजूंना उपयोगी पडतं, कारण हबललाही शेवटी काच बसवावीच लागली. रूपविकारी ताऱ्यांची तेजस्विता मोजणारे या वादापासून दूर आहेत. ते असे सुधारलेले फोटो मोजमापाला घेत नाहीत, आणि थोडा पसरलेला तारा त्यांना चालतोही.

जे अजून सुटलेलं नाही

पहिली अडचण भाषेची. एक प्रोग्रॅम ताऱ्याची अर्ध-प्रकाश रुंदी देतो, दुसरा विकेंद्रता. विकेंद्रता ०.४२ पर्यंत डोळ्याला कळत नाही असं मानतात. म्हणजे आडवी बाजू उभीपेक्षा नऊ टक्के कमी असेपर्यंत तारा गोलच भासतो. पण एका प्रोग्रॅमचे ‘पाच टक्के टिल्ट’ आणि दुसऱ्याचे पाच टक्के एक नव्हेत, आणि लोक त्यांची तुलना करत राहतात.

दुसरी अडचण तापमानाची. उज्जैनच्या एप्रिलमधल्या रात्री बाहेर पंचवीस-अठ्ठावीस अंश असताना सेन्सर उणे दहावर गार केलेला असतो. जानेवारीत जुळवलेला कल तेव्हा टिकतो का, यावर सुटे अनुभव पुष्कळ आहेत, पद्धतशीर मोजणी विरळा. तिसरी म्हणजे एकाहून जास्त दोष एकमेकांना झाकत असतील तर काय. झुकलेला फोकसर आणि उलट दिशेचा टिल्ट मिळून दक्षिणेकडे गोल तारे देतात, दुर्बीण पूर्वेला वळवली की हिशेब फसतो.

माझ्या खालच्या डाव्या कोपऱ्याचं निदानही असंच लांबलं. पाच सेकंदांच्या फोटोतही दाणे तसेच होते, म्हणजे माउंट सुटलं. १८० अंशांत फिरवल्यावर वाईट कोपरा फोटोत तिथंच राहिला. टिल्टच, असं धरून मी स्क्रूपर्यंत पोहोचलो होतो. तेवढ्यात पाऊस लागला आणि कॅमेरा टेबलावर आला. तीन मीटरवरच्या भिंतीवर ठिपक्यानं सात मिलिमीटरचं वर्तुळ काढलं: दोन कला. माझ्या २८ मिलिमीटर कर्णाच्या सेन्सरवर हे सोळा-सतरा मायक्रॉन होतात, आणि एफ-६ ला सूट आहे जवळजवळ शंभरची. एवढ्यानं तांदूळ होत नाही. सांध्याच्या मागे आता उरलेत दोन अॅडॅप्टर आणि फिल्टरचा खण. त्या खणाचं झाकण बोटानं दाबलं की किंचित हलतं.